नाचणीचा आकडा लिहिण्याआधी

परवा आईने नाचणीवरचा एक फॉरवर्ड पाठवला, दुधाच्या तिप्पट कॅल्शियम, दूध बंद केलं तरी चालतं म्हणे, आणि ती खरंच बंद करायला निघाली होती. मग मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते उघडून बसले. आकडा खोटा नाहीये, 364 मिलीग्रॅम, पण तो 100 ग्रॅम कोरड्या नाचणीचा, आणि आईच्या आंबिलीत पीठ पडतं दोन चमचे, फार तर 20 ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम सत्तरच्या आसपास, त्यातही फायटेटमुळे, म्हणजे धान्यातल्या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या घटकामुळे, सगळं अंगी लागत नाही. कपभर दुधात याच्या तिप्पट सहज मिळतं.

तेव्हापासून खाण्यापिण्यावर लिहिताना मी ठरवलंय, आकडा कुठला ते तिथेच सांगायचं, कच्च्याचा की शिजवलेल्याचा तेही, आणि तो वाटी-भाकरीत मोडून दाखवायचा. कुणाला अमुक बंद करा असं तर बिलकुल लिहायचं नाही, कारण वाचणाऱ्यांत मधुमेहवाले, किडनीचा त्रास असलेलेही असतात. चूक सापडली तर गुपचूप खोडत नाही, तारीख टाकून खाली लिहिते.

आई आता सकाळी आंबील घेते, रात्री दूध.