शिफारशींचा रविवार

दिवाळीची सुट्टी संपायच्या आतला शेवटचा रविवार आमच्या मंडळाचा. मंडळ म्हणजे नोंदणी, घटना, लेटरहेड असलं काही नाही. मुक्त जॅझ (म्हणजे ठरलेली चाल आणि ताल बाजूला ठेवून वाजवलेला), प्रायोगिक संगीत आणि एकूणच घरात लावलं की बाकीची मंडळी खोलीचं दार ओढून घेतात असलं सगळं आवडीने ऐकणारी पुण्यातली आणि पुण्याबाहेरची मूठभर माणसं. वर्षभर फोनवर एकमेकांना काहीबाही पाठवत असतो. वर्षातून एकदा सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर, चित्रकलेच्या वर्गात, समोरासमोर बसतो.

स्वागत होतं, मागच्या वर्षीचा वृत्तांत होतो, जमाखर्च वाचला जातो आणि न ऐकताच मंजूर होतो. दीपप्रज्वलन एकदाच केलं होतं. त्यासाठी पंखे बंद ठेवावे लागले, आणि पुन्हा कुणी ते नाव काढलं नाही.

मग बातम्या. हे खातं भाऊंचं. भाऊ बँकेतून निवृत्त झाले, पण खतावणीची सवय सुटली नाही. दोनशे पानी वहीत वर्षभराची नोंद असते: कोण गेलं, कुणाचं नवीन काय आलं, कुठल्या जुन्या फिती सापडल्या. गेलेल्यांची यादी ते शेवटी वाचतात. ‘आधी जिवंत माणसं’ हा त्यांचा नियम आहे आणि मला तो मनापासून पटतो. अमेरिकेचे सॅक्सोफोनवाले फराओ सँडर्स गेले ते २०२२ साल. पुढच्याच वर्षी जर्मनीचे सॅक्सोफोनवाले पीटर ब्रॉट्झमान आणि अमेरिकेच्या पियानोवादक कार्ला ब्ले, दोघंही. यादी वाचताना भाऊंचा आवाज बसला होता, पण ब्रॉट्झमानची १९६८ ची तबकडी लावल्यावर आठ माणसांनी एकदम जो काही गदारोळ उडवला, त्यात आवाज बसलाय की कसं ते कुणाला कळायची सोय उरली नाही.

त्याच २०२३ मध्ये भाऊंनी अहमदाबादची बातमी दिली. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी पुढची दोनतीन वर्षं तिथे जे काही केलं त्याच्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्या आता तबकडीवर आल्या. गीताबाई म्हणजे ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं, त्याच. भाऊंनी एक तुकडा लावला आणि सबंध वर्ग गप्प झाला. मग बापू म्हणाले, ‘म्हणजे आपण परदेशातून पार्सलं मागवत होतो, आणि माल अहमदाबादला पडून होता.’

बापूंबद्दल इथेच सांगतो, कारण त्यांना वगळलं तर ते वर्षभर बोलणार नाहीत. १९७८ ची पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, त्यांनी मुंबईत, धोबी तलावच्या रंगभवनात बसून ऐकली आहे. अमेरिकेचे सॅक्सोफोनवाले सनी रोलिन्स यांना उघड्या आकाशाखाली ऐकलेला माणूस आमच्यात हा एकच. ती हकिगत दर वर्षी होते आणि दर वर्षी थोडी लांबते. हल्ली रोलिन्स बापूंकडे बघून हसले असंही त्यात आलं आहे. आम्ही हरकत घेत नाही. रंगभवन गप्प झाल्याला वर्षं लोटली, आता साक्षीदार कुठून आणायचा?

आणि मार्शल ॲलन. सन रा या अमेरिकन पियानोवादकाच्या आर्केस्ट्रात १९५८ पासून असलेला हा सॅक्सोफोनवाला २०२४ च्या मे महिन्यात शंभर वर्षांचा झाला, आणि पुढच्या फेब्रुवारीत एकट्याच्या नावावरची त्याची पहिलीवहिली तबकडी आली. भाऊंनी वही मिटली, समोरच्या साठीपुढच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘गुडघ्यांबद्दल यंदा कुणी काही बोलायचं नाही.’

हे सगळं चांगलंच. पण मी त्या रविवारची वाट बघतो ती शिफारशींसाठी.

आमच्याकडे शिफारस सगळ्यांना करायची नाही. ती समोर बसलेल्या एकाच माणसाला करायची, का ते सांगायचं, आणि त्याने पुढच्या वर्षी उठून हिशेब द्यायचा. ही कल्पना अँथनी ब्रॅक्स्टनच्या तबकडीवरून आली. शिकागोच्या या माणसाने नुसता एक आल्टो सॅक्सोफोन घेतला, ना तबला ना पेटी, आणि दोन तबकड्या भरल्या. १९७१ मध्ये त्या बाजारात आल्या. त्यातला एकेक तुकडा एकेका माणसाला वाहिलेला आहे: एक जॉन केजना, एक पियानोवादक सेसिल टेलरना, बाकीचे मित्रमंडळींना. आमच्यातले एक इंजिनिअर म्हणाले, ‘वाजवणारा एकेकासाठी वाजवतोय आणि आपण शंभर जणांना एकच लिंक पाठवतो, हे बरोबर नाही.’ तेव्हापासून हा शिरस्ता.

‘जबरदस्त’, ‘वेगळंच’, ‘ऐकाच’ असे शब्द यामुळे आपोआप बंद पडले. अमुक माणसाला हे का, ते सांगायचं तर तो माणूस आधी ठाऊक असावा लागतो.

आण्णांचं उदाहरण घ्या. आण्णा किराणा घराण्याचे भक्त, सवाई गंधर्व महोत्सवात वर्षानुवर्षं भारतीय बैठकीवर बसलेले. आमच्यात ते आले नातवाला सोडायला, आणि जिन्यातली दमणूक घालवायला म्हणून टेकले ते टेकलेच. त्यांना कुणीतरी अमेरिकन संगीतकार टेरी रायली दिला: ऑर्गन आणि फितीवरून जरा उशिराने परत येणारे त्याचेच सूर, एकच रचना, एक मैफल १९७१ ची लॉस एंजेलिसची आणि दुसरी १९७२ ची पॅरिसची. कारण असं सांगितलं की किराण्याच्याच वहीद खाँसाहेबांचे शागीर्द पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेला गेले आणि हा रायली त्यांचा शिष्य झाला, त्यांच्यामागे तंबोरा घेऊन बसला. आण्णा काही बोलले नाहीत. तबकडी पिशवीत घातली.

पुढच्या वर्षी हिशेबाला उभे राहिले. ‘पहिल्यांदा वाटलं, बाजा बिघडलाय. मग सकाळी फिरून आल्यावर लावायला लागलो. पॅरिसची बैठक सरस आहे. लॉस एंजेलिसला जरा घाई झाली. पण सूर सोडायची घाई नाही, ती दोन्हीकडे नाही. ते आमच्याकडचं आहे.’ आणि खाली बसता बसता जरा रागानेच, ‘आमच्या घराण्यातला माणूस तिकडे एवढं करून आला आणि इथे कुणी सांगितलं नाही.’

मला भाषणं आवडत नाहीत. पाहुण्यांची तर मुळीच नाहीत. एकदा आग्रहाखातर एक व्याख्याते आणले होते, त्यांनी ‘जॅझचा इतिहास’ असा विषय घेतला आणि १९४५ पर्यंत येता येता चहा गार झाला. पण या हिशेबांना मी दर वर्षी हरतो. त्यातला एक तर विसरणं शक्यच नाही.

गोव्यातल्या म्हापशाचे आमचे एक सभासद रात्रीच्या बसने येतात, येताना बेबिंका हा तिकडचा गोड पदार्थ आणतात, आणि गोव्याच्याच ब्राझ गोन्साल्विस यांच्या सॅक्सोफोनबद्दल बोलल्याशिवाय बेबिंका उघडत नाहीत. त्यांनी एका वर्षी आमच्या एका ताईंना अमेरिकन सॅक्सोफोनवाला अल्बर्ट आयलर दिला, १९६५ चा, ज्यात मधेच फ्रान्सच्या राष्ट्रगीताची चाल डोकावते. ताई सांगलीकडच्या, वडील बँडपथकात क्लॅरिनेट वाजवायचे. म्हापसेकर एवढंच म्हणाले, ‘हा पण लष्कराच्या बँडात होता, फ्रान्सात. ताईंना काय ते कळेल.’ मला वाटलं, जरा धाडसच झालं हे. आयलर ऐकून भले भले उठून जातात.

पुढल्या दिवाळीनंतर ताई उठल्या. तबकडी छातीशी उभी धरलेली, कव्हर आतल्या बाजूला. म्हणाल्या, ‘वरात पहाटेपर्यंत चालायची. शेवटच्या तासाला बँडवाल्यांचे ओठ सुजलेले असायचे. सूर खाली यायचा, कुणाचा आधी, कुणाचा नंतर. पण पोरं नाचायची थांबत नसत, म्हणून बाबा वाजवत राहायचे. त्या तासाला बँड जसा वाजतो ना, तसं हे वाजतं. मी लहान असताना कानात बोटं घालायची. लोकांना वाटायचं आवाज सोसत नाही. बाबा दमलेत ते ऐकू यायचं, म्हणून घालायची.’ थोडं थांबून, ‘आता पूर्ण ऐकलं. दोन्ही बाजू.’

त्यानंतर पाच मिनिटं कुणीही आपली शिफारस घेऊन उठेना. शेवटी भाऊंनी ‘चहा’ असं जाहीर केलं.

दुपारच्या जेवणानंतर वाजवणं. इथे सगळ्यांनी वाजवायचं, येत असो नसो. रायलीचीच १९६४ ची रचना आम्ही धरली आहे, कारण ती आमच्यासारख्यांसाठीच केल्यासारखी आहे. ५३ छोटे तुकडे. वाद्य कुठलंही, माणसं कितीही. प्रत्येकाने आपापल्या मनाने तुकडा हवा तितक्या वेळा घोळवायचा आणि मग पुढच्यावर जायचं. फक्त दोनतीन तुकड्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. एकाने वरचा षड्ज सारखा टोकत ठेवायचा, त्यावर सगळ्यांची लय. सूर पांढरी एक. आमच्यातल्या संगीतशिक्षिका बाईंनी सगळे तुकडे सरगमीत उतरवून दिलेत. पहिला म्हणजे षड्जाचा कण घेऊन लागणारा गंधार. निम्म्यावर यायच्या आत तीव्र मध्यम येतो आणि पेटीवाले काका दर वर्षी मान हलवून ‘यमन’ म्हणतात, आणि दर वर्षी फसतात. शेवटाला कोमल निषाद आणि पंचम एवढेच उरतात.

दोन पेट्या, मेंडोलिन, बासरी, मेलोडिका, कुणाच्या तरी मुलीचं व्हायोलिन, एक झायलोफोन जो बालवाडीतून वर आणला जातो. स्पीकर बाकांवर ठेवतो, खाली चौपदरी सतरंजी. भिंतीत लावलेल्या सुतळीवर पाचवीच्या मुलांची चित्रं वाळत असतात. सगळे एका तुकड्यावर जमले की खालच्या सुरांना ती थरथरतात. एका वर्षी एक बैलपोळा निसटून पेटीवर येऊन पडला. काकांनी तो भात्याच्या फटीतून बाजूला सारला, हात न थांबवता.

जो शेवटच्या तुकड्यापाशी आधी पोचतो त्याने तिथेच घोळत राहायचं, सगळे येईपर्यंत. झायलोफोनवर आमचे इंजिनिअर असतात, ते कायम शेवटी. आम्ही बाकीचे कोमल निषाद आणि पंचम घेऊन त्यांची वाट बघतो, आणि ते मुद्दाम वेळ लावतात असा माझा जुना संशय आहे.

आता हजेरीबद्दल. बोलू नये असं ठरवलं होतं, तरी बोलतो. वर्षभर रोज सकाळी शिफारशी पाठवणारे, दुर्मिळ मुद्रणांचे फोटो टाकणारे, ‘यंदा नक्की’ लिहून हात जोडणारे काही जण आहेत. रविवारी त्यांच्याकडे लग्न निघतं. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त असतात हे मान्य, पण आमचा रविवार बहुतेकदा त्याच्या आधी येतो. मुंबईकर एक्स्प्रेसवेवर अडकतात आणि बरोबर मसालेभाताला पोचतात. म्हापसेकर रात्रभर बसमध्ये बसून साडेसातला दारात हजर असतात, एवढंच नमूद करतो. ज्यांनी शिफारस नेली आणि हिशेब दिला नाही त्यांची नावं भाऊंच्या वहीत लाल शाईने आहेत.

कामं करणाऱ्यांची नावं मात्र मी इथे छापत नाही, कुणाला विचारलेलं नाही. कामावरून ओळखून घ्या. सुट्टीत कुलूप उघडून देणारे शिपाईमामा, जे आत येत नाहीत पण जिन्यात बसून सगळं ऐकतात. वर्ग देणाऱ्या चित्रकलेच्या बाई, आणि सुईवरची धूळ झाडायला त्यांनी दिलेला शून्य नंबरचा ब्रश. स्पीकर फुकट देणारा गणपती मंडळातला दादा, त्याने ‘हे वाजवायला स्पीकर कशाला?’ असं विचारलं होतं, तरी दिले. उपमा आणि मसालेभात करणाऱ्या काकू. मठ्ठा त्यांच्या जाऊबाईंचा, काकूंचा नव्हे, मागच्या वृत्तांतात घोळ झाला होता. टर्नटेबलचा बेल्ट तुटला तेव्हा बुधवार पेठेतून दुसरा आणून देणारा, त्या दिवशी पहिल्यांदाच आलेला कॉलेजचा मुलगा. सतरंज्या धुऊन परत पाठवणारं शेजारचं कुटुंब. पेट्या वर चढवणारे दोन रिक्षावाले. पलीकडच्या वाड्यातल्या आजी, ज्यांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही, आणि एकदा तर ‘ते आयलरवाले आज नाहीत का’ असं विचारलं, नाव मात्र ‘ऐलर’ म्हणून. वर्गणी गोळा करणाऱ्या वहिनी. आण्णांचा नातू, कारण त्याच्यामुळे आण्णा.

यंदा मी बापूंना दिलंय. सनी रोलिन्सशिवाय सॅक्सोफोन नाही असं म्हणणाऱ्या माणसाला इंग्लंडच्या इव्हान पार्करचा एकट्याचा सोप्रानो सॅक्सोफोन दिला, सूर न तोडता, गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत वाजवलेला. आठवड्यात फोन आला. ‘अरे, हा माणूस श्वास कधी घेतो?’ म्हटलं, बापू, हे फोनवर नाही. दिवाळीनंतर, सगळ्यांसमोर.