वेळ न घातलेली पोस्ट

जुलै २०२१ च्या महापुराची गोष्ट. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद झाला. कोल्हापूरकडं निघालेल्या गाड्या निपाणीत अडकल्या. मागं तवंदी घाटाच्या बाजूला ट्रकांची रांग लागली. हॉटेलांतलं खाणं संपत आलं होतं, कोरोनामुळं निम्मी तर आधीपासूनच बंद होती.

आमची संस्था लहान. विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी निपाणीत अभ्यासिका चालवतो. त्या दिवशी मुलांच्या आयाच म्हणाल्या, "ताई, तांदूळ आहे, डाळ आहे, चूल पेटवूया." अकरा वाजता मसालेभाताचं पहिलं पातेलं उतरलं. पण हे अडकलेल्या लोकांना कळवायचं कसं?

ट्विटरवर संस्थेचं खातं होतं. २०१९ च्या पुरानंतर एका स्वयंसेवकानं ते उघडून दिलं होतं. (एक्स हे नाव दोन वर्षांनी, २०२३ मध्ये आलं.) त्यावर तोवर आम्ही काय टाकत होतो, तर ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’ आणि खाली हार घातलेल्या पाहुण्यांचा फोटो. वाचणारा कोण असेल, त्याला काय हवं असेल, हा विचारच केलेला नव्हता. शासनाला पाठवायच्या अहवालाचा उतारा तिथं चिकटवायचा आणि काम झालं म्हणायचं.

त्या सकाळी मी घाईघाईनं लिहिलं: ‘महामार्ग बंद आहे. घाबरू नका. निपाणीत अडकलेल्या सर्व प्रवासी बंधू-भगिनींसाठी आमच्या अभ्यासिकेत मोफत जेवणाची सोय केली आहे. जरूर यावे.’

अर्धा तास कुणी फिरकलं नाही. मग एकानं कन्नडमधून खाली विचारलं, "ऊटा इदेया? एल्लि?" जेवण आहे का, कुठं? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अभ्यासिका कुठं आहे हे आम्हाला माहीत, हुबळीच्या माणसाला कसं कळणार? आमचे चिकोडीचे अण्णा घरी कन्नड बोलतात. त्यांनी पत्ता, खूण आणि फोन नंबर घालून कन्नडमध्ये उत्तर लिहिलं. एका स्थानिक पत्रकारानं ते पुढं पाठवलं, आणि दुपारी दोनपर्यंत दारात रांग लागली. ड्रायव्हर, क्लीनर, एका लग्नाचं अख्खं वऱ्हाड. तीन पातेली संपली. मला फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी जागा अपुरी पडू लागली म्हणून आम्ही स्वयंपाक जवळच्या एका शाळेच्या सभागृहात हलवला. मी जुन्या पोस्टखाली लिहिलं, ‘आता जेवण शाळेत आहे.’ माझ्या मनानं काम झालं होतं. पण खालची उत्तरं किती जण उघडून बघतात? पुढं पाठवली जात होती ती वरची पोस्ट.

रात्री साडेनऊला अण्णांचा फोन आला. "अभ्यासिकेच्या पायरीवर कुणीतरी बसलंय म्हणतात."

मी गाडी काढली. पाऊस थांबला नव्हता. दाराला कुलूप, वरच्या दिव्याचा पिवळा उजेड, आणि पायरीवर एक म्हातारी आई, तिचा मुलगा आणि आठ-नऊ वर्षांचा नातू. धारवाडहून सांगलीला निघाले होते. गाडी लांब रांगेत सोडून चालत आले होते. आजींचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. त्यांना साखरेचा त्रास, गोळी घेऊन बसल्या होत्या आणि पोटात काही नव्हतं. मुलानं मला मोबाईल दाखवला. काचेला तडा, बॅटरी चार टक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट होता. वरचं नाव कापलं गेलेलं, तारीखही कापलेली, आणि मधोमध माझी वाक्यं. ‘जरूर यावे.’ खाली अण्णांचा कन्नड मजकूर, पत्त्यासकट.

आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ऊटा इदे अंत बरेदित्तु." जेवण आहे असं लिहिलं होतं.

घरातून ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ आणली, अभ्यासिका उघडली, सतरंज्या टाकल्या. आजींनी दोन घास खाल्ले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

त्या रात्री मी आणि अण्णा बाराएकपर्यंत बसलो. आधी जुनी पोस्ट काढून टाकली. तेव्हा ट्विटरवर लिहिलेलं दुरुस्त करता येत नसे, काढून नवीन लिहावं लागायचं. पण स्क्रीनशॉट काढणार कोण? तो लोकांच्या फोनमध्ये जन्मभर राहतो. त्यावरचं नाव गळतं, तारीख गळते. म्हणून वेळ मजकुरातच हवी, पहिल्या ओळीत हवी. हे आम्हाला त्या पायरीवर कळलं.

मग अक्षरांशी गाठ पडली. तेव्हा एका पोस्टला मर्यादा २८० अक्षरांची. पण ही मोजणी आपली नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळं सुटं मोजलं जातं. ‘संस्था’ आपल्याला दोन अक्षरांची, तिथं सहा मोजली जातात. ‘स्त्रियांसाठी’ हा एक शब्द तेरा खातो. ‘सर्व प्रवासी बंधू-भगिनींसाठी’ असल्या गोडव्याला तिथं जागाच नाही. पूर आलेला असताना तर नाहीच नाही. अण्णा म्हणाले, "मराठी आणि कन्नड एका पोस्टमध्ये कोंबू नका, दोन वेगळ्या टाका." बरोबर होतं. एकाच पोस्टमध्ये दोन्ही भाषा घातल्या की दोन्हीकडचा वाचणारा अर्ध्यात सोडून देतो. आमच्या सीमाभागात कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरूनही माणसं दुखावतात. भुकेल्या माणसासमोर तो प्रश्न नको होता.

सकाळी सातला टाकलेला मजकूर असा: ‘रविवार, सकाळी ७. जेवण आज ११ ते ३:३०, शाळेच्या सभागृहात. अभ्यासिकेत नाही.’ पुढं पत्ता, फोन. कन्नडमध्ये तेच, स्वतंत्र. एक वाजून गेल्यावर कुणीतरी विचारलं, "अजून आहे का?" मी उत्तर दिलं: ‘आत्ता १:१० झालेत. भात आहे, भाकरी संपली.’ पूर्वी असल्या प्रश्नाला मी संध्याकाळी उत्तर दिलं असतं, नाहीतर दिलंच नसतं. पण लहान संस्थेला तिथं किंमत मिळते ती अशाच उत्तरांनी. आकर्षक फोटोंनी ती मिळत नाही.

आता खानापूर-हुक्केरीकडच्या संस्था विचारतात, सुरुवात कशी करायची. मी त्यांना आधी हेच विचारते, उत्तर देणारं माणूस कोण? ते ठरलेलं नसेल तर खातं उघडू नका, मी सरळ सांगते. पासवर्ड एकाच्याच डोक्यात ठेवू नका, दोघांना माहीत असू द्या. आमच्याकडं तो कपाटातल्या वहीत आहे. आणि फोटोचं जपा. अभ्यासिकेतल्या मुलांचे चेहरे आम्ही टाकत नाही, त्यांच्या आयांनी होकार दिला तरी नाही. फोटो टाकलाच तर त्यात काय दिसतंय हे सोबतच्या वर्णनाच्या रकान्यात लिहितो. डोळ्यांनी न दिसणाऱ्याला त्याचा फोन ते वाचून दाखवतो.

रस्ता सुटला त्या दिवशी खरं तर शेवटची पोस्ट टाकायची गरज नव्हती, ट्रक हलले होते, सगळ्यांना दिसत होतं. तरी दुपारी चार वाजता मी लिहिलं: ‘दुपारी ४. आमच्याकडचं जेवण आता बंद झालं आहे. कृपया येऊ नका.’ अण्णांनी तेच कन्नडमध्ये लिहिलं, आणि आम्ही पातेली घासायला घेतली.