एका सुताची माया

मंडळी, माझ्या छोट्या वाकळेचे, म्हणजे क्विल्टचे, ३६पैकी १९ ब्लॉक झाले; ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला एक चौकोन. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा ११ होते, पण त्यातले ५ मी नंतर बाजूला काढले. म्हणजे खरा हिशेब धरला तर दीड महिन्यात १३ ब्लॉक. प्रत्येक ब्लॉक दोन इंची, लॉग केबिन, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांचे फेरे, आणि प्रत्येकात १३ तुकडे. सहा बाय सहा मांडले की १२ इंचांचा चौरस होईल, भोवती इंचभर काठ. एवढ्याशा वाकळेत ४६८ तुकडे बसणार आहेत, काठ सोडून.

ते ५ ब्लॉक का काढले, हेच आज सविस्तर लिहायचंय. कारण त्यातून मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझा जून महिना वाचला असता.

नव्याने आलेल्यांसाठी आधी पद्धत थोडक्यात. नकाशा कागदावर छापायचा, प्रत्येक भागाला क्रमांक द्यायचा. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला लावायचं आणि शिलाई छापलेल्या बाजूने, बरोबर रेषेवर मारायची. पहिल्या तुकड्यावर दुसरा उलटा ठेवायचा, रेषेवर शिवायचं, माया (शिवणीबाहेर उरलेलं कापड) कापायची, दुसरा तुकडा उलटवून दाबायचा, मग तिसरा. तुकडा कापताना थोडा वाकडातिकडा झाला तरी बिघडत नाही, कारण अचूकपणा कात्रीत नसतो, कागदावरच्या रेषेत असतो. चित्र मात्र आरशात बघितल्यासारखं उलटं येतं. लॉग केबिनमध्ये त्याने फक्त फेऱ्यांची दिशा बदलते. सगळे ब्लॉक एकाच दिशेचे असले की झालं.

आता माप. मी इंचाचे आठ भाग करून सुतात मोजते, आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतले ब्लाऊज शिवणारे टेलरकाका मोजतात तसं. मधला चौकोन चार सूत. त्याच्या चारी बाजूंनी तीन फेरे, प्रत्येक पट्टी दोन सूत रुंद. चार अधिक दोन्हीकडच्या मिळून सहा पट्ट्यांचे बारा, झाले सोळा सूत, दोन इंच. कागदावर अगदी स्वच्छ हिशेब.

पहिल्या ब्लॉकांना मी नेहमीच्या क्विल्टसारखी पाव इंच, म्हणजे दोन सूत माया ठेवली होती. पुस्तकी नियमच तसा आहे आणि तो मोठ्या ब्लॉकला बरोबरच आहे. पण इथे पट्टीच दोन सूत रुंद! तिच्याखाली दोन सूत माया गेली की ती पट्टीची सगळी रुंदी व्यापते आणि पुढच्या शिवणीला जाऊन भिडते. प्रत्येक पट्टीखाली सगळीकडे तीन पदर, कोपऱ्यांत त्याहून जास्त. कागद लावलेला होता तोवर ब्लॉक सुरेख दिसत होते. कागद काढला आणि कडा उचलल्या. इस्त्री केली, पाणी मारलं, रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवले. सकाळी परत तसेच, हातात पुठ्ठ्यासारखे कडक.

दोष कुठे आहे हे मला सापडत नव्हतं. टाका बदलला, दोरा बदलला, कापड बदललं. मग कागलहून आत्या आली, अंबाबाईच्या दर्शनाला. तिने आयुष्यभर वाकळा शिवल्या. जुनी नऊवारी एकावर एक अंथरून, कडेने सुरुवात करून फेऱ्या घेत आत जायचं, सगळा धाव दोरा, सगळा हाताने. मी तिच्या हातात एक ब्लॉक दिला. तिने तो आधी पालथा केला. पुढची बाजू नंतर बघितली.

"एवढ्याशा तुकड्याला एवढी माया कशाला ठिवलीस गं?"

"उसवलं तर, आत्या?"

"उसवतंय कशानं? टाका बारीक घाल की. टाका बारीक असला म्हंजे माया कमी चालती."

आणि तिने नखाने मागच्या बाजूची एक माया उलटून मला दाखवली. पुढच्या शिवणीपर्यंत पोचलेली होती, दोन्ही शिवणी एकमेकींना टेकलेल्या. एवढे दिवस मी पुढूनच बघत होते.

त्या दिवसापासून माया एक सूत. ती पट्टीच्या निम्म्या रुंदीत संपते, उरलेली निम्मी पट्टी मोकळी राहते, आणि पुढच्या शिवणीत फक्त तिचे स्वतःचे पदर येतात. सहावा ब्लॉक असा शिवला आणि कागद काढल्यावर तो टेबलावर सपाट पडून राहिला. मी तो दिवसभर जाता-येता बघत होते.

ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला मात्र मी दोन सूतच ठेवते. ब्लॉक एकमेकांना जोडताना हाताला धरायला काहीतरी लागतं. जोड शिवून झाला, टोकाला टोक जुळलं याची खात्री झाली, की मग तीही कापून एक सूत करायची.

एक सूत कापायची युक्ती सांगते. पुढची शिवायची रेषा पोस्टकार्डाच्या आधाराने दुमडायची, म्हणजे कागद मागे जातो आणि कापड पुढे राहतं. पाव इंचासाठी खालून कंगोरा असलेली मोजपट्टी मिळते, तो कंगोरा दुमडलेल्या कागदाला टेकवून रोटरी कटर, म्हणजे गोल पात्याचा कटर, फिरवायचा. एक सुताची तशी पट्टी मी स्वतः केली. दारावरच्या नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानातून ॲक्रिलिकच्या दोन उरलेल्या पट्ट्या आणल्या आणि खालची एक सूत आत घेऊन वरचीला चिकटवली. एक सूत मोजताना पट्टीवरच्या रेघेवर विसंबू नका, रेघेलाच जाडी असते. मी आधी कागदावर नऊ समांतर रेषा छापून त्यांची एकूण रुंदी एक इंच भरते का ते बघितलं, आणि मग त्यातल्या दोन रेषांवर पट्ट्या बसवल्या.

छापण्यावरून आठवलं. माझ्या पहिल्या नकाशांच्या प्रती मी झेरॉक्सवर काढून आणल्या होत्या. कागदात बसवण्यासाठी मशीनने चित्र किंचित लहान केलं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. दोन इंचांचा चौकोन जवळजवळ अर्धं सूत कमी भरला. मोठ्या ब्लॉकमध्ये हे खपून जातं, इथे सहा ब्लॉकांच्या रांगेत तीन सूत जातात. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन छापते आणि दुकानातच मोजते. आणि सगळे नकाशे एकाच मशीनवर, एकाच दिवशी.

कापड. यावर माझं मत आता पक्कं झालंय, लहान ब्लॉकला टू बाय टू रुबियाच. ब्लाऊजचं साधं कापड, पातळ, पण वीण घट्ट. एक सूत मायेतही धागे सुटत नाहीत. टेलरकाका मला दर शनिवारी कतरणीची पिशवी देतात, त्यात इतक्या छटा असतात की दुकानात जाऊन निवडल्या नसत्या. फिक्या बाजूला हळदी, पिस्ता, मोतिया, गडद बाजूला जांभळा, गडद निळा, बाटली हिरवा. पॉपलीनही चालतं, इचलकरंजीचं बारीक सुताचं मिळालं तर, पण पदर जाड होतात. खणावर माझा फार जीव होता. त्याची ती नक्षी दोन सुतांच्या पट्टीत अर्धी कापली जाते आणि नुसते ठिपके उरतात. शिवाय कडेचे धागे हात लागला तरी निघून येतात. तीन ब्लॉक करून बघितले आणि खण काठासाठी ठेवून दिला. काठात तो शोभेल.

पट्ट्या मी पाच सूत रुंद कापते. हिशेबाने चार पुरतात, दोन पट्टीचे आणि दोन्ही बाजूंची एकेक माया, पण एक सूत जास्त असलं की तुकडा उलटवल्यावर कमी पडायची धाकधूक राहत नाही. धागा मात्र उभा किंवा आडवा सरळच हवा. उरेब, म्हणजे तिरका, तुकडा कडेला आला की ब्लॉक ओढला जातो आणि मग कितीही इस्त्री करा.

कागदाचं म्हणाल तर साधा ७० जीएसएमचा कागद काढताना टाके ओढतो. मी बटर पेपरवर आले. रेषा दोन्ही बाजूंनी दिसते, फाटतोही हलका. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तो सांभाळावा लागतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला त्या आठवड्यात माझे सगळे नकाशे दमट होऊन लाटा आल्यासारखे झाले होते, रेषा सरळ राहीना. आता नकाशे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतात आणि लागतील तेवढेच बाहेर काढते. वाफेची इस्त्री तर अजिबात नाही, कोरडीच. लेझरवर छापलेलं असेल तर छापलेल्या बाजूवर गरम इस्त्री टेकवू नका, शाई वितळून तळाला चिकटते आणि तिथून पुढच्या फिक्या तुकड्यावर उतरते.

टाका. मोठ्या ब्लॉकला मी दीड मिलिमीटर ठेवते, म्हणजे इंचात साधारण १७ टाके. इथे १.२ वर आणला, २१ टाके होतात. आत्या म्हणाली ते इथे तंतोतंत खरं आहे, मायेने सोडलेलं बळ टाक्याने भरून काढायचं. एकच्या खाली मात्र जाऊ नका. तिथे कागद शिवतानाच तुटून वेगळा होतो, आणि चुकलं तर उसवता येत नाही. सुई ११ नंबरची. कागद सहज फाटावा म्हणून १४ नंबर वापरा असा सल्ला असतो, पण रुबियावर तिची भोकं राहतात आणि उजेडात दिसतात. बारीक टाक्याला ११ नंबरनेही बटर पेपर छान फाटतो. मशीन माझी जुनी, पायाची, फक्त सरळ शिलाईची. सुईखालच्या पट्टीला एकच बारीक भोक असल्यामुळे छोटा तुकडा आत ओढला जात नाही. घरात असली मशीन असेल तर ती भंगारात देऊ नका.

आता दाबण्याबद्दल. पट्टी उलटवल्यावर शिवणीजवळ केसाएवढी घडी राहून जाते. वरून दिसत नाही, बोटालाही नीट लागत नाही. कागद असेपर्यंत ब्लॉक मापात असतो, कारण माप कागदाचं असतं. कागद निघाला की त्या घड्या उलगडतात, आणि प्रत्येक बाजूला तीन शिवणी असल्याने ब्लॉक फुगतो. माझा १२ नंबरचा ब्लॉक असाच पाऊण सूत जास्त भरला. आता मी पट्टी उलटवली की आधी नखाने शिवणीवरून एकदा सावकाश जाते, कापड किंचित ओढून धरून. मग लाटण्याच्या टोकाने. मग इस्त्री, फिरवायची नाही, फक्त ठेवायची आणि उचलायची. मग उजेडाकडे धरून बघायचं. शिवणीपाशी एकच बारीक गडद रेघ दिसली तर ठीक. रेघ जाड दिसली किंवा दुहेरी दिसली तर घडी राहिली आहे, पुन्हा नख. एका ब्लॉकला बारा वेळा हे करावं लागतं आणि मी एकदाही गाळत नाही.

उजेडाकडे धरण्याचा आणखी एक फायदा. या पद्धतीत माया नेहमी नव्या तुकड्याखालीच जाते, दुसरीकडे वळवता येत नाही. त्यामुळे गडदनंतर फिकी पट्टी आली की गडद माया तिच्याखालून सावलीसारखी दिसते. तिथे गडद कापडाची माया फिक्यापेक्षा कणभर आखूड कापायची, फिकी तिला झाकून घेते. मोतिया रंगाच्या पट्टीत हे केलं नाही तर फार दिसतं.

कागद मी आता ब्लॉक जोडल्यावरच काढते. इंग्लंडमध्ये १७१८ सालचं एक रेशमी पांघरूण आहे. त्याची पद्धत वेगळी, कागदाच्या आकारावर कापड गुंडाळून हाताने जोडायची, पण त्यातले कागद अजून आतच आहेत. ते वाचल्यापासून मी प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तारीख लिहिते. ते तुकडे फाटून जाणार हे माहीत असूनही लिहिते.

मांडणी बार्न रेझिंगची ठरली, फिक्या-गडद बाजूंचे शंकरपाळे एकात एक. चार कोपऱ्यांत काठावर किरण घ्यायचे मनात आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला किरणोत्सवात मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांपासून वर चढत जातात, तसं काहीतरी. कमानीवर सात अणकुचीदार किरणं, न्यूयॉर्क ब्यूटी नावाच्या क्विल्टच्या नमुन्यासारखी, कागदावरच. एक नमुना तीन इंचांत केला. टोकं चांगली आली, पण कमानीचा गोल जोडताना दोन टोकं शिवणीत गेली. काठ इंचाचा आहे, तेव्हा हे आणखी खूप लहान करावं लागेल. कमान हाताने जोडून बघणार आहे. कुणी एवढ्या लहान मापात गोल जोडला असेल तर जरूर लिहा, मायेला कात्रीने छाट दिले की नाही तेही सांगा.

२०वा ब्लॉक मशीनवर आहे, सातवी पट्टी लागली. मधले चौकोन सगळे आत्याच्या एका लाल लुगड्यातले आहेत. जुन्या लॉग केबिनमध्ये मधला लाल चौकोन म्हणजे घरातली चूल असं मानतात, हे तिला सांगितलं तर तिने दुसऱ्या दिवशी ते लुगडं पाठवून दिलं. फार विरलंय, चांगली जागा थोडीच आहे. अजून १६ चौकोन लागतील. काल खडूने आखून बघितलं, २१ निघतात.