किती तास, ते सोडा

"मॅडम, तुम्ही किती तास अभ्यास करायचात? आमची मुलगी सांगितल्याशिवाय पुस्तक उघडत नाही." नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्यापासून प्रवेशाच्या दिवसांत हे इतक्या पालकांनी विचारलंय की मी "रोज चार तास" असं ठोकून देते. आकडा मिळाला की माणसं समाधानानं जातात.

चार तास खोटे नाहीत. पण त्या चार तासांत मी तेच पान तीनदा वाचायचे, हायलायटरनं पिवळं करायचे, आणि पान ओळखीचं वाटलं की 'आलं' म्हणायचे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, आठवड्यानं तपासलं तर आठवणारे. आणि 'माझ्या लक्षात राहील' ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त! हे मी आता वर्गात शिकवते. मला मात्र ते सलाईनच्या बाटलीनं शिकवलं.

तिसरं वर्ष, सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळी. ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना 500 मिलीची बाटली रात्री दहा ते सकाळी सहा, अशी आठ तासांत द्यायची होती. सूत्र तोंडपाठ: मिली गुणिले एका मिलीतले थेंब, भागिले मिनिटं. माझ्या गाइडमधल्या प्रत्येक उदाहरणात एका मिलीचे 15 थेंब होते. मीही 15 धरले, मिनिटाला 16 आले, घड्याळ हातात धरून मोजून लावले. स्वतःवर खूश.

शंका आली नव्हती असं नाही. पण आदल्या पोस्टिंगमध्ये एका स्टाफ नर्सना असंच काही विचारलं, तर "कॉलेजात झोपा काढता का?" हे अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं होतं. तेव्हापासून मी विचारणं बंद केलं होतं.

सहाला बाटलीत शंभराच्या वर मिली शिल्लक. आणि पुढचं मी कुणा पालकाला कधी सांगितलेलं नाही. मी रोलर, म्हणजे थेंबांचा वेग कमी-जास्त करणारं नळीवरचं चाक, पूर्ण सोडला. थेंबांची धार लागली. हँडओव्हरच्या आत बाटली रिकामी दिसावी, एवढंच डोक्यात. आजोबांना हृदयाचा त्रास आहे का, हे बघायला केसपेपरसुद्धा उघडला नाही.

इन्चार्ज सिस्टर मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्यांनी रोलर आवळला, आजोबांची नाडी बघितली, डॉक्टरांना कळवलं. मग कपाटातून सलाईनच्या नळीचा तसाच नवा सेट काढून माझ्या हातात दिला. "वाच." पाकिटावर छापलं होतं, 20 थेंब म्हणजे 1 मिली. म्हणजे मिनिटाला 21 हवे होते. "दोन महिने हीच पाकिटं फाडतेयस," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर निदान राग धरता आला असता. आजोबांना काही झालं नाही, ते नशीब. माझं आणि त्यांचंही.

त्यानंतर मी वहीचं मागचं पान 'येत नाही' म्हणून ठेवलं. रोज ड्यूटी संपली की एक ओळ, दुसऱ्या दिवशी ती सिस्टरांना विचारायची. फ्रेशर्सच्या कार्यक्रमात ही गोष्ट मी बरीच वर्षं सांगितली, रोलरचा भाग गाळून. शेवटी "माझी मी शिकले" हे ठरलेलं वाक्य. कसली माझी मी? विचारल्यावर न फटकारणारं माणूस भेटलं म्हणून ते पान भरलं. पण मग वाटतं, माझ्या रूममेटलाही त्याच सिस्टर होत्या. तिनं काही वही घातली नाही. आणि ती आज माझ्यापेक्षा चांगली नर्स आहे. आता बोला!

एमबीबीएसला 2019 पासून स्वयंअध्ययनाचे तास वेळापत्रकातच घातलेत. माझा भाचा त्या तासांना लॉगबुक पूर्ण करतो. सही लागते ना.

गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी इन्सुलिनच्या सिरिंजवरचं 40 आणि 100, म्हणजे एका मिलीत किती युनिट, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. मी पेपर तपासत होते. "पुस्तकात बघ, सगळं भरवायचं का?" असं तोंडातून गेलं. नंतर मी स्वतः तिला बोलावून दोन्ही सिरिंजा समोर ठेवल्या. तिनं मान डोलावली, "कळलं, मॅडम" म्हणाली.

त्यानंतर तिनं मला काहीही विचारलेलं नाही.