डॅशकॅम आहे, पण फुटेज उरेल का?

परशुराम घाटाच्या चढावर पुढच्या गाडीवाल्याने गाडी मुद्दाम मागे घसरवून तुमच्या गाडीवर घातली आणि 'तुम्हीच ठोकलंत' म्हणून पैसे मागितले, तर जागेवर काही देऊ नका, ११२ लावा. आधी मात्र डॅशकॅमचं, म्हणजे गाडीतून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं, लॉक बटण दाबा, म्हणजे ती फाइल पुसली जाणार नाही. लूप रेकॉर्डिंग जुन्या फाइली पुसत जातं आणि एवढ्या हलक्या धक्क्याने जी-सेन्सर (धक्का ओळखून फाइल आपोआप लॉक करणारा भाग) जागा होईलच असं नाही. मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्सच, म्हणजे सतत लिहिणं-पुसणं सोसणारं हवं. इथल्या उन्हात बंद गाडीत बॅटरी फुगते, म्हणून बॅटरीऐवजी कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) असलेला कॅमेरा घ्या. पावसाळ्याचा विचार करून तो वायपर फिरतो त्याच भागात काचेला लावा. तारीख-वेळ बरोबर ठेवा. मूळ कार्ड जपा. कोर्टात प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.