तारण, विसार आणि डळमळती खात्री

कोल्हापुरात पतसंस्थेच्या दारावर ‘सोनेतारण कर्ज’ अशी पाटी असतेच. दागिना ठेवा, हप्ते भरा. हप्ते थकले की दागिना लिलावात. रविवारी उपासनेला बसणाऱ्या पुष्कळांच्या डोक्यात ख्रिस्तातल्या तारणाचाही, म्हणजे पापातून सुटकेचाही, असाच हिशेब चालतो. आठवडाभर प्रार्थना चुकली, घरात तोंडून शिवी गेली, की वाटतं, गेलं आपलं तारण.

आता इफिसकरांस पत्र १:१३-१४ उघडा. मराठी शास्त्रात पवित्र आत्म्याला तिथे ‘वतनाचा विसार’ म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द ‘अराबोन’, तोही बाजारातलाच. करवीर तालुक्यात दोन गुंठे घेतलेल्याला विसारपावती समजावून सांगावी लागत नाही: गट नंबर, ठरलेली किंमत, खरेदीखताची मुदत. विसार देतो तो घेणारा, आणि मागे फिरला तर बुडतोही सहसा त्याचाच. इथे घेणारा देव आहे, आणि विसारात त्याने स्वतःचा आत्मा दिलाय.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले; पुढे हे काम प्रेस्बिटेरियन मिशनचं झालं. त्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे काय मानतो ते कलमवार सांगणाऱ्या दस्तऐवजात (१६४६), सतरावा अध्याय विश्वासात शेवटपर्यंत टिकण्यावर आहे आणि अठरावा आपल्या तारणाच्या खात्रीवर. दोन अध्याय वेगळे ठेवलेत, मेख तिथेच आहे. अठरावा सरळ सांगतो की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री यायला बराच काळ लागू शकतो, आणि आलेली डळमळतेही. कारणं? ती जपण्यात हयगय, विवेकाला घाव घालणारं एखादं पाप, अचानक आलेला मोह. ताप चढला म्हणून कोणी मयताची तयारी करत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच जुनी. सभेत हात वर केला, कार्ड भरलं, बायबलच्या पहिल्या पानावर तारीख लिहिली, झालं! योहान तारीख विचारतच नाही. सार्वकालिक जीवन आपल्याला आहे हे कळावं म्हणून तो लिहितो (१ योहान ५:१३), आणि तपासायला लावतो ते आज्ञापालन (२:३) आणि बंधुप्रेम (३:१४). मंडळीच्या निवडणुकीपासून एकमेकांना ‘सलाम’ न केलेल्यांनी दुसऱ्या कसोटीपाशी जरा जास्त वेळ थांबावं.

इब्री ६:४-६ टाळून चालणार नाही: स्वर्गीय दानाची चव घेऊन जे पतित झाले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तिथे म्हटलंय. मेथडिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या त्यातून तारण गमावता येतं असं वाचतात. सुधारित परंपरा (कॅल्विनच्या वळणाची; प्रेस्बिटेरियन त्यातलेच) म्हणते, तिथे चव घेतलेली आहे, मूळ धरलेलं नाही, आणि वाचकांविषयी तारणाच्या चांगल्या गोष्टींची खात्री सांगणाऱ्या नवव्या वचनाकडे बोट दाखवते. मला दुसरं वाचन पटतं, पण त्या इशाऱ्याची धार बोथट करणारं कुठलंही वाचन पटत नाही. याच परंपरेच्या, नेदरलँड्समध्ये भरलेल्या डॉर्टच्या सभेनेही (१६१८-१९) दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊनच पतनाविषयी लिहिलं.

शंका आली की क्रम महत्त्वाचा. आधी योहान १०:२८-२९, जिथे मेंढरांना धरून पुत्राचा हात आहे आणि पित्याचाही. मग १ योहान १:९ प्रमाणे पापाचं नाव घेऊन कबुली. कसोट्या त्यानंतर, शक्यतो दिवसाउजेडी आणि पाळकांबरोबर बसून. रात्री दोन वाजता कसोट्यांपासून सुरुवात केली तर प्रत्येकीत नापासच व्हायला होतं.