दिवाळीचा किल्ला: यंदाचा राजगड संजीवनी माचीपर्यंत आलाय

मंडळी, पद्मावती आणि सुवेळा या माच्या (गडाच्या सोंडांवरचे तटबंदी केलेले सपाट भाग) पूर्ण झाल्या, मधला सगळ्यात उंच बालेकिल्लाही बसला. सुवेळेचं नेढं, म्हणजे कड्यातलं भोक, आरपार दिसतंय, याचा फार आनंद आहे. डोंगर रचतानाच तिथे पाइपचा तुकडा आडवा घातला होता, माती आवळून आल्यावर तो हलकेच फिरवून काढला. आता संजीवनी चालू आहे. राजगड करायचा तो याच माचीसाठी, म्हणून तिला वेळ देतोय.

लहानपणी वाड्याच्या अंगणात आम्ही करायचो तो किल्ला कुठल्याच नावाचा नसायचा. सहामाही संपली की विटा-दगडांचा ढीग, वर भिजवलेलं पोतं, पोत्यावर चिखलाचे हात. पोटात गुहा, गुहेत वाघ, माथ्यावर सिंहासन आणि पायऱ्या-पायऱ्यांवर मावळे. चित्रं, म्हणजे ही मातीची माणसं-जनावरं, कुंभारवाड्यातून यायची. त्यातला एक भालदार अजून माझ्याकडे आहे आणि दरवर्षी पाली दरवाज्याशी, नाहीतर त्या वर्षीच्या गडाच्या मुख्य दरवाज्याशी तोच उभा असतो.

पुढे गड पायी बघायला लागलो आणि करण्याची पद्धतच बदलली. सिंधुदुर्ग केला तेव्हा नागमोडी तटाच्या आड दडलेलं महाद्वार करताना कळलं की समोरून येणाऱ्याला ते का दिसत नाही. विजयदुर्गाच्या तिहेरी तटानं जागेचा हिशेब शिकवला. प्रतापगडानं उतार शिकवला. आता माझा क्रम ठरलेला आहे: आधी डोंगर, मग तट. सह्याद्रीतला तट कड्याची धार धरून जातो. धार नीट निघाली की तटाला कुठे वळायचं ते आपोआप समजतं. नकाशावरच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा थर्माकोलवर उतरवून थर रचतो, त्यावर गोणपाट, मग माती. उंची मात्र नकाशाच्या प्रमाणापेक्षा दीडपट धरा. नाहीतर एवढ्या पसरलेल्या माच्यांमध्ये बालेकिल्ला बसका दिसतो आणि राजगडाचा रुबाबच जातो.

आता संजीवनी. तिच्या टोकाकडे बुरुजांना चिलखती बांधणी आहे. आतला तट, मधे माणूस जेमतेम जाईल अशी बोळ, आणि बाहेर दुसरा तट. तोफेच्या माऱ्यात बाहेरचा ढासळला तरी आतला उभा राहतो. हे मातीत दाखवायचं तर मधली फट बुजता कामा नये. चाळलेल्या पोयट्यात थोडी बारीक वाळू घालून घट्ट मळतो, लाटण्यानं जाड पोळी लाटतो आणि सुरीनं पट्ट्या कापतो. पट्टी लगेच उभी केली तर वाकते, म्हणून थोडा वेळ सावलीत ठेवायची. बोटानं दाबल्यावर ठसा उठतो पण माती बोटाला चिकटत नाही, ती वेळ बरोबर. आधी आतला तट उभा करतो, त्याला आइस्क्रीमची काडी टेकवतो, काडीला लागून बाहेरचा तट. काडी वर ओढली की बोळ तयार. टाचणीनं दगडांचे थर कोरायचे आणि वर ओलं फडकं टाकायचं. उन्हात वाळवाल तर सकाळी तटाला भेगा दिसतील.

गडावर हिरवळ यायला कुठे काय पेरायचं, असं मागे विचारलं होतं कुणी. माझं मत पक्कं आहे: कड्यांना हळीव, माचीच्या सपाटीला मोहरी. हळीव भिजलं की बुळबुळीत होऊन मातीला धरून बसतं, उभ्या उतारावरूनही घसरत नाही. पाणी फवाऱ्यानंच द्या. वसुबारसेला हिरवं दिसायला हवं तर चार-पाच दिवस आधी पेरायला लागतं. तटाच्या पायथ्याशी मात्र बोटभर पट्टी मोकळी सोडा, मुळं तटात शिरली की तो उचलला जातो.

पद्मावती तलावात पाणी साठून राहावं म्हणून खाली प्लास्टिक घातलंय. गुंजवणे दरवाज्याची वाट रांगोळीच्या चाळणीतून वाळू भुरभुरवून काढली, आणि सोसायटीतली मुलं तिच्यावर मावळे मांडायला आत्तापासून भांडतायत. मांडू देत. गड बघायला आलेल्या प्रत्येकाला तीच पोरं माच्यांची नावं सांगतात, आणि मला त्याहून मोठं कौतुक नको आहे.

पुढल्या वर्षी तमिळनाडूतला जिंजीचा किल्ला करायचं मनात आहे. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा गडांपैकी महाराष्ट्राबाहेरचा तो एकटाच, आणि राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात वर्षानुवर्षं झुंजवलेला. पण तिथे तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट आहे, शिवाय डोंगर आपल्यासारखा थरांचा नाही, नुसत्या गोलगरगरीत प्रचंड शिळा. थर रचण्याची माझी पद्धत तिथे चालणार नाही. नदीतले गोटे मातीत बसवावेत की कागदाच्या लगद्याच्या शिळा कराव्यात, हे ठरत नाहीये. कुणी केला असेल तर शिळांचं काम कसं साधलं ते जरूर कळवा, फोटो असतील तर पायथ्याकडून घेतलेले पाठवा.